दिसलं की बघितलं

गच्चीवर चढायची आमच्याकडं एक रीत आहे. जिन्याची शेवटची पायरी यायच्या आधी, टाळकं वर निघायच्या आधी, गड्यानं घसा फाडून ओरडायचं, "या अल्लाह!" तेही एकदा नाही, तीनदा. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका असतात. कुणी कपडे वाळत घालत असते, कुणी केस सोडून बसलेली असते. हाक ऐकली की त्या डोक्यावर पदर ओढतात, नाहीतर खाली जातात, आणि मगच गड्यानं वर यायचं. बगदादमधे आंधळासुद्धा ओरडल्याशिवाय गच्चीवर चढत नाही.

आणि मी तर थाळीवाला. आकाशातले चॅनल पकडायची थाळी बसवायचा माझा धंदा. सरकार पडलं त्या उन्हाळ्यात अख्ख्या शहराला थाळी पाहिजे होती. आधी घरात थाळी सापडली की तुरुंग, आणि आता फुटपाथवर टरबुजांशेजारी थाळ्यांचे ढीग. दिवसाला पाच-पाच सहा-सहा गच्च्या चढायचो. ओरडून ओरडून माझा आवाज रेड्यासारखा झाला होता.

आमच्या गल्लीत अजून एकच गडी दिवसभर गच्चीवर असायचा, तो म्हणजे चासिब कबुतरवाला. काडीसारखा माणूस, हातात लांब काठी, काठीला काळी चिंधी. कबुतरवाल्याची साक्ष आमच्याकडं कुणी धरत नाही, ना काझी ना शेख. एक तर तो सदा गच्चीवर, म्हणजे त्याची नजर वाईट, असं लोक म्हणतात. दुसरं म्हणजे लोकांचं कबुतर आपल्या खुराड्यात उतरवून घेतो आणि "हे माझंच" म्हणून पोराबाळांची शपथ खातो. चासिबला पोरंबाळं नव्हती, म्हणून तो मेलेल्या बापाची शपथ खायचा. त्याच्या बापानं थडग्यात किती वेळा कूस बदलली असेल, देव जाणे.

तर जुलै महिना, टळटळीत दुपार. उम्म नाहिदच्या घरी थाळी लावायची होती. म्हातारी एकटी राहायची, लेक लग्न होऊन बसऱ्याला गेलेली. तिनं घर असं तयार केलं होतं की बघतच राहावं. गच्चीवरच्या खाटा भिंतीला उभ्या केलेल्या, पाणी मारून धूळ बसवलेली. टीव्ही शिलाई मशीनवर चढवून वर विणलेला रुमाल. खिडकीच्या चौकटीला तारेसाठी भोक पाहिजे म्हणून मी सांगितलं होतं, तर बाईनं कबाबाची सळई चुलीवर लाल करून स्वतःच भोक पाडलेलं. भिंतीवरची 'त्याची' तसबीर काढून टाकली होती. तिथं नुसता पांढरा चौकोन राहिला होता.

"मावशी," मी म्हटलं, "एवढं काय बघायचंय तुला?"

"काय वाट्टेल ते दाखव. चोवीस वर्षं एकच थोबाड बघितलं. आता गाढव दाखवलंस तरी चालेल, फक्त ते दुसरं गाढव पाहिजे."

"इजिप्तच्या मालिका लागतील. नवरा-बायकोची भांडणं."

"भांडणं होय? मग लवकर चढ. आणि खाली आलास की जेवल्याशिवाय सोडणार नाही. डोल्मा टाकलाय." चुलीवर हे एवढं पातेलं रटरटत होतं. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, आत भात आणि खिमा.

खांद्यावर थाळी, काखेत लोखंडी पाइप, असा मी जिना चढलो. शेवटच्या पायरीच्या आधी थांबून ओरडलो, "या अल्लाह! या अल्लाह! या अल्लाह!" शेजारच्या गच्चीवर हातिफचा जनरेटर ढणढणत होता. वीज नव्हतीच कुठं. पण माझी हाक चासिबच्या खुराड्यापर्यंत पोचली. त्याची सगळी कबुतरं फडफड करत एका दमात उडाली. तो तिकडून शिव्या घालायला लागला, "अरे थाळीवाल्या, तुझं नरडं बसो! एवढ्या उन्हात पाखरं मारशील माझी!"

मी दहापर्यंत आकडे मोजून वर गेलो.

आता थाळीचं एक आहे. ती आकाशात एकाच ठिकाणी बघते. आमच्याकडून ते ठिकाण येतं किब्ल्याच्या, म्हणजे नमाजाच्या दिशेच्या, जरा पुढं, मावळतीच्या अंगाला. थाळीचं तोंड जिकडं, लावणाऱ्याचं तोंडही तिकडंच. आणि नेमकी त्याच अंगाला हातिफची गच्ची. मी पाइप उभा केला, दिशेची डबी हातात घेतली, मान खाली. तेवढ्यात खण्णदिशी परात पडल्याचा आवाज आला आणि मान आपोआप वर झाली. हातिफची बायको टोमॅटोचा लगदा परातींत भरून उन्हाला लावत होती. परात पडलेली, लगदा सांडलेला, आणि ती पाठमोरी पळत होती. पाठीवर तिची वेणी. तेवढंच मला दिसलं. लगेच मी मान खाली घातली.

पण हातिफ त्याच्या जिन्याच्या तोंडाशी उभा होता.

कठडा ओलांडून तो इकडं कसा आला ते मला कळलंच नाही. पहिला फटका माझ्याच पाइपचा, माझ्याच डाव्या हातावर. हाड तुटल्याचा आवाज वाळकी काटकी मोडावी तसा आला. दुसरा फटका बरगडीत. मी खाली पडलो, तर त्यानं थाळी उचलली आणि तिची कड माझ्या डोक्यात घातली, एकदा, दोनदा. रक्त डोळ्यांत उतरलं. मग छातीवर गुडघा रोवून त्यानं कमरेचा सुरा काढला.

आमच्या गावात कुणी कुणाला लाडानं हाक मारतं तर "माझ्या डोळ्या" म्हणून. भाजीवाला म्हणतो, न्हावी म्हणतो. हातिफ तसंच म्हणाला, अगदी हळू. "ये रे माझ्या डोळ्या. ज्या डोळ्यानं माझी बायको बघितलीस तो डोळा इथंच ठेवून जा."

"मी ओरडलो होतो, हातिफ! तीनदा ओरडलो!"

"कुणी ऐकलं?"

सुऱ्याचं टोक पापणीला टेकलं. गार होतं. एवढ्या उन्हात ते गार कसं होतं, अजून मला समजत नाही.

आणि तेवढ्यात उम्म नाहिद पातेलं घेऊन वर आली. उकळता डोल्मा, पानं, रस्सा, चरबी, सगळं तिनं हातिफच्या पाठीवर ओतलं. खांद्यापासून कमरेपर्यंत. तो असा किंचाळला की जनरेटरचा आवाज ऐकू येईना. सुरा घसरला, माझी भुवई चिरली, पण डोळा वाचला. तोवर चासिब गच्च्यांवरून उड्या मारत आला आणि काठी आडवी धरून आमच्या मधे उभा राहिला. खालून माणसं आली. हातिफला दोघातिघांनी धरला.

"तो डोळा माझा आहे!" तो ओरडत होता. "आज नाही तर उद्या! शेखसमोर मागून घेईन!"

म्हातारी रिकामं पातेलं घेऊन उभी. "मेल्या," म्हणाली, "दोन दिवस पानं वळत होते मी."

तीन दिवसांनी शेख मिज़हिरच्या बैठकीत निवाडा बसला. हात झोळीत, डोक्याला बारा टाके, असा मी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हातिफ आणि त्याचे चुलते, सगळ्यांच्या मांडीवर बंदुका. बोलणं साधं होतं. मी ओरडलो असेन तर हातिफ चुकला. ओरडलो नसेन तर डोळा त्याचा.

शेखनं विचारलं, "नईम, तू त्याची बायको बघितलीस?"

"दिसली, शेख. बघितली नाही."

"यात फरक काय रे?"

"दिसणं डोळ्याचं काम आहे. बघणं माणसाचं."

शेखनं दाढी खाजवली. "ओरडलास, हे कुणी ऐकलं?"

उम्म नाहिद खाली चुलीजवळ होती, जनरेटरच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नव्हतं, आणि खोटं बोलायला ती तयार नव्हती. मग चासिब उठला. "मी ऐकलं."

बैठक हसायलाच लागली. हातिफचा चुलता म्हणाला, "कबुतरवाल्याची साक्ष! उद्या कोंबडा आणा काझी म्हणून!" दुसरा म्हणाला, "बापाची शपथ खा रे चासिब, बिचाऱ्याला थोडा व्यायाम होऊ दे."

चासिब हसला नाही. "माझी साक्ष नका घेऊ. मी लबाड आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण मी भर दुपारी कधी पाखरं उडवतो का? जुलैत? मरतील ती. त्या दिवशी दुपारी गल्लीवर पाखरं कुणी कुणी बघितली ते सांगा."

मग कोपऱ्यातून टरबूजवाला म्हणाला, "माझ्या कापलेल्या टरबुजावर शिटली ती. दुपारच्या बांगेच्या जरा आधी. मी म्हटलंच, या चासिबला उन्हानं वेड लागलं."

"मीही बघितली," दुसरा कुणी म्हणाला. तिसराही म्हणाला.

शेख मोठा खमका माणूस. लगेच उठला, सगळी बैठक घेऊन गल्लीत आला. स्वतः हातिफच्या गच्चीवर उभा राहिला, जनरेटर चालू करायला लावला, आणि मला उम्म नाहिदच्या जिन्यात उभं केलं. मी ओरडलो. बरगडी मोडलेली, प्रत्येक हाकेला जीव जात होता. शेखला काही ऐकू आलं नाही. पण चासिबची कबुतरं फडफडून वर गेली, सगळीच्या सगळी.

शेखनं आभाळाकडं बघितलं. "कबुतरवाल्याची साक्ष घेऊ नये असं बापजाद्यांनी सांगितलंय," तो म्हणाला. "कबुतराची घेऊ नये असं कुणी सांगितलेलं नाही. नईम ओरडला होता. डोळा नईमचा."

हातिफनं सगळ्यांसमोर माझ्या कपाळाचा मुका घ्यायचा, असं ठरलं. त्यानं घेतला. ओठ टाक्यांवरच दाबले, आणि कानात म्हणाला, "पाखरं जास्त बोलतात तुमची."

मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण डोळा वाचल्याच्या खुशीत मी गाढव झालो होतो.

पाच दिवस गेले. मी दोन गल्ल्या पलीकडं एका गच्चीवर होतो. एका हातानं काही काम होत नव्हतं, पण आधी लावलेली थाळी हलली होती, ती नीट करत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. एकदम चासिबच्या बाजूनं पाखरं उठली. पण नेहमीसारखी नाही. थवा नव्हता. एक इकडं, एक तिकडं, दोन-तीन तर उठून तशीच खाली पडली. आणि त्याआधी कुणाचीच हाक आली नव्हती.

आता ऐका, मी काय केलं ते. खाली मान घालून मी माझं काम करू शकलो असतो. तीच रीत. पण मी पाण्याच्या टाकीवर चढलो. त्या घरातली बाई खालून ओरडली, "अरे, टाकीवर काय चढतोस?" मी ऐकलं नाही. कपाळावर हात धरला आणि बघितलं.

चासिबच्या गच्चीवर हातिफ होता. उघडा. भाजलेल्या पाठीला सदरा सहन होत नव्हता त्याला. खुराड्यात हात घालायचा, एक पाखरू काढायचा, मान पिरगळायची, फेकायचं. पंख कापलेली पिल्लं जमिनीवर होती, ती टाचेखाली. आंब्याची कोय चिरडावी तशी, एकेक करून, घाई न करता. पांढरी पिसं गच्चीभर. मग चासिब जिन्यातून वर आला. काठी घेऊन धावला. एवढा काडीसारखा माणूस, हातिफनं काठी हिसकली आणि गुडघ्यावर तोडली. त्याला खाली पाडला, छातीवर गुडघा रोवला. अगदी माझ्या छातीवर रोवला होता तसाच. हातिफची पाठ माझ्याकडं होती. त्या पाठीवर पांढरे फराटे मला मोजता आले. मग त्याचा कोपर एकदा वर गेला आणि खाली आला.

चासिबची किंकाळी दोन गल्ल्या ओलांडून आली.

मी पोचेस्तोवर हातिफ गेलेला. चासिब भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यावर काळी चिंधी दाबून. बोटांच्या फटीतून रक्त कोपरापर्यंत. मांडीवर एक मेलेलं कबुतर.

"किती उरली?" त्यानं विचारलं.

"डोळा बघू दे आधी."

"डोळा गेला रे. पाखरं किती उरली ते सांग."

मी आभाळात बघितलं. चार फिरत होती, खाली उतरायला भीत होती.

त्याच दिवशी, दुपारच्या बांगेनंतर, शेखनं बैठक बोलावली. चासिबनं नाव घेतलं, "हातिफ." हातिफ कॉफी पीत होता. म्हणाला, "मी घरी झोपलो होतो. तो आपल्याच काठीवर पडला असेल."

"आणि कबुतरं?" शेखनं विचारलं.

"मांजरानं खाल्ली असतील."

"सत्तावीस कबुतरं? एका मांजरानं?"

"भुकेलेलं असेल बिचारं."

चुलते हसले. चुलता म्हणाला, "शेख, रीत म्हणजे रीत. कबुतरवाल्याची शपथ चालत नाही. आणि या खेपेला पाखरंही उठायची नाहीत."

शेखचं तोंड काळं पडलं होतं. त्याला खरं माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. पण बैठक माहीत असण्यावर चालत नाही, साक्षीवर चालते. "दुसरा कुणी आहे?"

हातिफनं माझ्याकडं बघितलं आणि हसला. मी कुठल्यातरी गच्चीवर असणार, आणि काही बघितलं असलं तरी बोलणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मी बोललो तर मला सांगावं लागणार, मी लोकांच्या टाकीवर चढून दुसऱ्याच्या गच्चीत डोकावलो. आणि पाच दिवसांआधी याच बैठकीत मी म्हणालो होतो की दिसली, बघितली नाही. मग पुन्हा सगळं उघडणार. वेणीसुद्धा.

चासिब एका डोळ्यानं जमिनीकडं बघत होता. त्यानं माझ्याकडं मान वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं, मला राग तरी आला असता.

मी उठलो. "मी आहे."

शेख सावध झाला. मला वाचवायचंच होतं त्याला. "नईम, तू कामावर होतास. लांबून तुला काहीतरी दिसलं असेल. दिसलं की बघितलं? विचार करून बोल."

दिसलं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. पण दोन गल्ल्यांवरून नुसतं दिसलेल्यावर कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. चुलते म्हणाले असते, उन्हाची तिरीप असेल, दुसराच कुणी असेल.

"बघितलं, शेख," मी म्हटलं. "टाकीवर चढून, कपाळावर हात धरून, पापणी न हलवता बघितलं. हातिफ उघडा होता. डोल्म्यानं भाजलेल्या पाठीवर टूथपेस्ट लावलेली आहे. पाच फराटे आहेत, बोटांचे. चार सरळ आणि पाचवा आडवा, उजव्या बाजूला."

शेख हातिफकडं वळला.

"सदरा काढ," शेख म्हणाला.

"शेख!" हातिफ ताडकन उठला. "हा हरामखोर माझ्या घरच्या बाईची बोटं मोजतो! माझ्या पाठीवरची! ऐकलंत ना? हा बघणाराच आहे! मी आधीच सांगत होतो!"

"ते मी ऐकलं. सदरा काढ."

चुलत्यांनीच शेवटी काढला. चार सरळ आणि एक आडवा. वाळून पापुद्रे निघालेले.

हातिफनं बंदूक उचलली. गोळी माझ्या कानाजवळून भिंतीत गेली, माती माझ्या तोंडावर उडाली. दुसरी छपरात. मग शेखच्या पोरांनी त्याला असा तुडवला की दोन दात कॉफीच्या किटलीपाशी पडले. दिवस मावळायच्या आत त्याचा संसार गाडीत भरून गल्लीबाहेर गेला. बायको पुढच्या सीटवर होती, चेहरा झाकून. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा मी मान खाली घातली. आता त्याचा काय उपयोग होता म्हणा.

शेखनं मला बाजूला घेतलं. "नईम, खरं बोललास. पण आता कुणी तुला गच्चीवर चढू देणार नाही."

"माहीत आहे, शेख."

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून एकही बोलावणं आलं नाही. रस्त्यानं गेलो की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. पाइप, डबी, सगळं एका पोत्यात बांधून ठेवलं.

फक्त चासिबची गच्ची उरली. तिथं मला कोण अडवणार? चार कबुतरांची आता साठ झालीत. डाव्या बाजूचं आभाळ मी बघतो, उजवीकडचं तो. लोकांची पाखरं उतरवून घेतो आणि "आमचीच" म्हणून शपथ खातो, तो त्याच्या बापाची, मी माझ्या बापाची. दोघांच्या साक्षीला आता सारखीच किंमत. म्हणून ही गोष्टही कुणाला खरी वाटली नाही तर माझं काही म्हणणं नाही.

उम्म नाहिदची थाळी मात्र लागली. चेपलेली, कडेला माझं रक्त वाळलेली, पण चालते. चासिबचा जिना चढताना मी अजून तीनदा ओरडतो, सवयच ती. पाखरं उठतात, तिच्या थाळीवर बसतात, आणि खालून म्हातारीचा आवाज येतो.

"नईम! मेल्या! आत्ताच बाईनं नवऱ्याच्या थोबाडीत मारली होती! हाकल ती पाखरं, पुढचं बघू दे मला!"